अंतरपाटाची दुमड

"सुई आधी वर," विठोबा शिंपी म्हणाला. "अर्धवट नाही. आणखी वर जाणारच नाही, इतकी वर."

त्याच्या बायकोनं, यमुनाबाईनं, हातमशीनचं चाक सावकाश आपल्याकडे फिरवलं. सुई वर चढली आणि थांबली. शिवण शिकायला येणारी कुसुम गुडघ्यांवर रेलून पुढं सरकली, तसं तिच्या वेणीचं टोक मशीनच्या लाकडी बैठकीवर आलं. यमुनाबाईनं ते अलगद उचलून तिच्या पाठीवर टाकलं.

"आता काय करायचं, विठूबाबा?"

"आता ही मागची कळ उचलायची. कळ उचलली की कापड दाबून धरणारा हा पाय वर येतो. मग त्याचा पेच ढिला करायचा. पण त्याच्याआधी डाव्या हाताचं बोट पायाखाली धरायचं. का?"

कुसुमनं विचार केला. "नाहीतर तो पडेल."

"पडेल, आणि पडता पडता सुईला लागेल. लहान मूल ओट्यावरून उतरवताना आपण हात पुढं करतो ना, तसं हे."

विठोबानं पेच ढिला केला. लोखंडाचा साधा पाय त्याच्या बोटावर उतरला. तो त्यानं बाजूला ठेवला आणि टिनच्या डब्यातून दुसरा घेतला. हा दुमडीचा. याच्या टोकाला शंखासारखी वळलेली इवलीशी पन्हळ होती. कापडाची कड या पन्हळीत शिरली की आपोआप गोल मुरडून सुईखाली येते आणि हातानं घालता येणार नाही इतकी बारीक दुमड पडते. या पायाच्या मानेला लाल दोरा बांधलेला होता. तसाच दुसरा एक पाय दुसऱ्या डब्यात होता. त्याला निळा दोरा होता.

ज्यांनी माळव्यातलं देवास पाहिलेलं नाही त्यांना इथं थोडं थांबवून सांगायला हवं. गाव एक, पण राज्यं दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. राजवाडे दोन, कचेऱ्या दोन. मुलं विटीदांडू खेळत, तेव्हा एका राज्यात मारलेली विटी दुसऱ्या राज्यात पडे आणि पोरं ती धावत जाऊन घेऊन येत. कुणाला त्यात काही वाटत नसे. सामान्य माणसं सकाळी भाजी एका राज्यात घेत आणि मीठ दुसऱ्यात.

वाटायचं ते मोठ्या घरांना. मानाजीराव थोरल्या पातीतले मानकरी, मालोजीराव धाकट्या पातीतले. दोघांचे पणजोबा एकच. पण पणजोबांची तलवार कोणाच्या देवघरात राहायची यावरून या दोन वाड्यांचं जे फाटलं, ते सांधायला कुणी धजलं नाही. न्हावी वेगळा झाला, धोबी वेगळा झाला, लग्नाची आमंत्रणं थांबली. विठोबानं महूच्या छावणीतल्या एका पारशाकडून हातमशीन आणली, तेव्हा मात्र पंचाईत आली. मशीनची शिवण दोन्ही वाड्यांना हवी होती आणि मशीन एकच होती.

यावर तोड काढली ती मानाजीरावांचे कारभारी भैयासाहेब यांनी. त्या घरच्या कापडाला लागलेलं लोखंड या घरच्या कापडाला लागता कामा नये. मशीनचे पाय दोन ठेवायचे, सुया दोन ठेवायच्या. मशीनबरोबर आलेला पाय-सुयांचा डबा मालोजीरावांच्या वाड्यानं आपला म्हणून घेतला. मानाजीरावांसाठी भैयासाहेबांनी स्वतः महूला जाऊन दुसरा डबा आणला. तेव्हापासून विठोबा या वाड्याचं काम आलं की लाल दोऱ्याचा पाय लावी, त्या वाड्याचं आलं की निळ्या दोऱ्याचा.

"आणि धागा?" यमुनाबाई पहिल्या दिवशी म्हणाली होती. "धागा तर एकाच रिळाचा आहे. तो नाही बाटत?"

"हळू बोल. उद्या रिळंही दोन करायला लावतील."

ज्या ओसरीत विठोबाचं दुकान होतं ती मानाजीरावांच्या मालकीची होती, आणि ती रस्त्याला लागून असल्यामुळं समोरच्या राज्यातलं गिऱ्हाईकही सहज येई. त्यामुळं हसून सोडून द्यायचं, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. तरी दर वेळी पेच सोडताना विठोबाच्या मनात बारीकशी चीड उठे. दुमडीसाठी पाय बदलावा, चुणीसाठी बदलावा, त्यात कामाचा मान आहे. दुमडीचा पाय काढून पुन्हा दुमडीचाच पाय लावायचा, यात कसला मान?

आज काम मानाजीरावांकडचं होतं. त्यांच्या लेकीचं लग्न धारच्या मुलाशी ठरलं होतं आणि वाड्यातून अंतरपाटासाठी पांढरीशुभ्र मलमल आली होती. चारी बाजूंनी बारीक दुमड घालायची होती.

विठोबानं लाल दोऱ्याचा पाय वर सरकवला, पेच घट्ट केला, पाय खाली सोडला. मग यमुनाबाईकडे पाहिलं. तिनं चाक अगदी हळू एकदा फिरवलं.

"हे कशाला?" कुसुमनं विचारलं. "कापड तर नाही घातलं."

"सुई पायाच्या फटीतून मधोमध जाते का, ते बघायला. आधी हातानं बघून घ्यायचं. बघितलं नाही आणि घाई केली तर सुई लोखंडावर आपटते आणि मोडते."

सुई मधोमध गेली. विठोबानं मलमलीचा एक उरलेला तुकडा पन्हळीत घातला. चार बोटं शिवण झाली आणि कापड चर्रकन ओढलं गेलं. तुकड्याला लांब ओरखडा पडला होता.

"परत तेच," यमुनाबाई म्हणाली.

विठोबानं पाय काढला आणि कुसुमच्या हातात दिला. "डोळे मीट. या पन्हळीतून नख फिरव."

कुसुमनं नख फिरवलं. "इथं अडतंय. टोचतंय."

"आता हा." त्यानं निळ्या दोऱ्याचा दिला.

"हा गुळगुळीत आहे." तिनं डोळे उघडले. "लाल चिरलाय, विठूबाबा."

"चिरलाय. नख जिथं अडतं, तिथं धागा अडतो. हे ध्यानात ठेव. डोळ्याला दिसत नाही ते नखाला कळतं."

भैयासाहेबांनी महूहून आणलेला डबा कुणाचा तरी वापरून टाकलेला होता, हे विठोबाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. दिवाळीच्या सुमाराला त्यानं ते त्यांच्या कानावर घातलं. "चालवून घे," भैयासाहेब म्हणाले होते. जाड्याभरड्या कापडावर त्यानं चालवूनही घेतलं. पण ही मलमल होती. आणि ती एका मुलीच्या लग्नात, तिच्या डोळ्यांसमोर धरली जायची होती.

विठोबा थोडा वेळ दोन्ही पाय हातात घेऊन बसला. मग त्यानं निळ्या दोऱ्याचा पाय लावला.

यमुनाबाईनं चाक फिरवायला घेतलं. मलमलीची कड पन्हळीत शिरली आणि पलीकडून वातीसारखी गोल, सारखी दुमड बाहेर येऊ लागली. कुसुम श्वास रोखून बघत राहिली. चारी बाजू संपल्या तेव्हा विठोबानं अंतरपाट उजेडात धरला. कुठं टाका उणा नव्हता, कुठं अधिक नव्हता.

कुसुम घरी जायला उठली. तिचा बाप मारुती मानाजीरावांच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता आणि ती दुपारची वाड्याच्या मुदपाकखान्यात भाजी निवडायला जाई. ती पायऱ्या उतरली, तशी यमुनाबाई हलकेच म्हणाली, "अहो, तिला सांगा ना, पायाचं बाहेर बोलू नको म्हणून."

विठोबानं मान हलवली. "आत्ताच तिला म्हटलं, नीट बघ आणि ध्यानात ठेव. आता म्हणू, बघितलंस ते लपव? मग मी तिला शिकवलं तरी काय?"

"शिकवा हो. पण तुमची शाळा आणि त्यांचा वाडा, यात किती अंतर आहे ते बघा."

तो हसला. त्या वेळी हसला.

लग्न चार दिवसांवर आलं असताना मारुती ओसरीच्या पायऱ्या चढून आला. त्याच्या अंगाला घोड्यांचा वास होता आणि चेहरा उतरलेला होता.

"विठोबाभिया, पोरीनं घात केला."

"बस आधी. काय झालं?"

"मुदपाकखान्यात बायका अंतरपाट बघत होत्या. काय दुमड आहे, काय दुमड आहे, चाललं होतं त्यांचं. तर हिनं मध्येच तोंड घातलं. म्हणे, लाल पाय चिरलेला होता, म्हणून विठूबाबांनी निळा लावला. बस, आग लागली. आईसाहेबांनी अंतरपाट टाकून दिला हातातला. भैयासाहेब आले. ते म्हणतात, पोरगी झूठ बोलते. लाल पाय मी स्वतः आणलाय, तो चिरेल कसा?"

"मग?"

मारुतीनं पायरीकडं पाहिलं. "तुम्हाला बोलावलंय. तुम्ही म्हणायचं, लालच लावला होता. मग अंतरपाट शुद्ध. पोरीला सगळ्यांसमोर उभी करून मी छड्या मारायच्या आणि तिनं नाक घासायचं. तेवढ्यावर मिटतंय."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"तर तुमचं दुकान जातं, भिया. ओसरी त्यांची." तो थांबला. मग कसाबसा म्हणाला, "छड्यांचं काय, मी हळूच मारीन. तुम्ही म्हणा काय म्हणायचं ते. माझा राग नाही."

यमुनाबाई आत उभी होती. ती बाहेर आली आणि मारुतीपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "पागोटं नीट बांधून जा."

देवडीवरच भैयासाहेबांनी विठोबाला गाठलं आणि खांद्यावर हात ठेवून बाजूला नेलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता.

"विठोबा, तू समजूतदार माणूस. लहान पोर, काहीतरी बघितलं, काहीतरी बरळली. लाल तो लाल, निळा तो निळा. एवढंच बोलायचं आणि घरी जायचं. लग्नाचं बाकीचं कामही तुझंच."

"आणि कुसुम?"

"तिला तिचा बाप समज देईल. पोरं छड्या विसरतात रे."

छड्या विसरतात, विठोबाच्या मनात आलं. पण ज्यानं नख फिरवायला शिकवलं, तोच चारचौघांत म्हणाला की तुझं नख खोटं, तर ते कोणतं पोर विसरेल? त्यानंतर ती कशावर नख फिरवेल? स्वतःचा आब राखायला या माणसाला आठ वर्षांची पोर पुरत होती.

चौकात मानाजीराव लोडाला टेकून बसले होते. चिकाच्या पडद्याआड बांगड्या वाजत होत्या. पाटावर अंतरपाट घडी करून ठेवला होता. खांबाजवळ कुसुम उभी होती. ती रडत नव्हती. मोठ्या माणसांचा काहीतरी गोंधळ झालाय आणि विठूबाबा आता तो सोडवतील, अशा विश्वासानं ती त्याच्याकडं बघत होती. तिच्यामागं मारुती छडी धरून उभा होता.

"बोल विठोबा," मानाजीराव म्हणाले. "कोणता पाय लावलास?"

"निळा, सरकार. पोर खरं बोलली."

मानाजीराव लोडावरून पुढं झाले.

"आमच्या लेकीच्या अंतरपाटावर त्या घरचं लोखंड फिरवलंस?"

"फिरवलं. आपल्या डब्यातला पाय चिरलेला आहे. मलमल फाटली असती."

"फाटत होती तर तेव्हाच सांगायचं होतंस," भैयासाहेब घाईनं म्हणाले.

"दिवाळीत सांगितलं होतं. आपण म्हणालात, चालवून घे."

"खोटं. साफ खोटं, सरकार."

विठोबानं आजवर या वाड्यात मान खाली घालूनच मापं घेतली होती. आता त्यानं ती वर केली. त्याचा आवाज चढला नाही. मुलांना समजावताना असे तसाच तो सावकाश होता, फक्त त्यातली माया गेली होती.

"मघाशी पोर खोटी होती, आता मी खोटा. सरकार, माझा पणजा आपल्या पणजोबांबरोबर तंबू शिवत दख्खनेतून इकडं आला. त्याच तंबूत समोरच्या वाड्याचे पणजोबाही झोपत, कारण ते दोघं एकच होते. आज मी एकाच रिळाच्या धाग्यानं दोन्ही घरचे अंगरखे शिवतो, एकच चाक, कापड पुढं सारणारे दाते तेच, आणि एवढासा लोखंडाचा तुकडा मात्र वेगळा. आजवर शिवलं, हसून शिवलं. चूक असेल तर ती माझी आहे, की मी हसलो. पण त्या तुकड्यापायी बापाच्या हातून लेकराला छड्या? माझ्या तोंडून ते होणार नाही. तिनं पाहिलं ते सांगितलं. या चौकात आज तेवढी एकच गोष्ट सरळ झाली."

मानाजीराव वाईट नव्हते असं लोक म्हणत, आणि तसं ते नसतीलही. क्षणभर त्यांची नजर भैयासाहेबांकडं वळली, आणि विठोबाला वाटलं, आता ते विचारतील. पण पडद्याआडून बांगड्या पुन्हा वाजल्या आणि मानाजीरावांनी हुक्क्याची नळी उचलली.

"मशीन वाड्यात जमा करा. ओसरी मोकळी करा," ते म्हणाले.

मारुतीच्या हातातली छडी खाली गळून पडली. ती उचलायला कुणी त्याला सांगितलं नाही.

वाड्याचे दोन शिपाई लगोलग ओसरीत आले. मशीनवर सुताराच्या बायकोचा खण अर्धवट शिवलेला होता. एकानं मशीनला हात घातला, तसा विठोबा म्हणाला, "थांब जरा. सुई कापडात आहे. अशीच उचललीस तर मोडेल."

"मोडू दे की. आता तुझी थोडीच आहे?"

"माझी नाही म्हणून मोडायची का?"

शिपाई ओशाळून मागं सरला. विठोबानं चाक फिरवून सुई वर घेतली. कळ उचलली. खण अलगद मागं ओढून धागा तोडला. मग फडक्यानं बैठक पुसली, दात्यांतला कापूस काढला, आणि हात मागं घेतले. यमुनाबाई त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. तिनं मशीनला नमस्कार केला नाही आणि डोळ्याला पदरही लावला नाही. शिपाई मशीन घेऊन पायऱ्या उतरले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिरकी नका धरू."

संध्याकाळी समोरच्या राज्यातून मालोजीरावांचा माणूस आला. विठोबाला वाटलं, निदान इथून तरी बरा शब्द येईल. चिरलेल्या लाल पायाची गोष्ट ऐकून त्या वाड्यात हशा पिकला असेल, असं यमुनाबाईला वाटलं होतं.

"आमच्या पायानं त्यांच्या लेकीचा अंतरपाट शिवलास?" तो माणूस पायरीखालूनच म्हणाला. "आमची वस्तू त्यांच्या घरी राबवलीस? डबा दे परत. आणि यापुढं आमच्याकडं येऊ नकोस."

विठोबानं निळ्या दोऱ्याचा पाय डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर यमुनाबाई उंबऱ्यावर बसली.

"बाई गं," ती म्हणाली. "एका गोष्टीवर तरी एकमत झालं दोन्ही वाड्यांचं."

यावर दोघंही हसली. पण हसणं लवकर संपलं.

लग्न थाटात झालं. धारची मंडळी हत्ती घेऊन आली होती. नवा अंतरपाट शिवायला वेळ नव्हता, आणि तशी दुमड घालणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून धरमपुरीहून नर्मदेचं पाणी आणवलं, तो अंतरपाट त्यातून काढला आणि शुद्ध झाला असं ठरवलं. तोच धरला. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांनी तो पाहिला, आणि कुणी शिवला म्हणून धारच्या बायकांनी विचारलंही. मारुतीनं घोड्याजवळ उभं राहून हे ऐकलं. त्याची चाकरी राहिली होती, कारण लग्नात घोड्यांना माणूस हवा होता. त्यानं हे सगळं विठोबाला येऊन सांगितलं. विठोबाच्या हातातली सुई थांबली. पाण्याचे चार थेंब लोखंडाचा विटाळ धुवू शकत होते. मग ते आधीच का शिंपडले नाहीत, हे त्याला कुणाला तरी विचारायचं होतं. पण विचारावं असं तिथं कुणी नव्हतं.

आता तो चामुंडेच्या टेकडीकडं जाणाऱ्या वाटेवर, एका तेल्याच्या पडवीत बसे. हातानं शिवी. गोधड्या, शेतकऱ्यांच्या बंड्या, फाटकी पटकुरं. यमुनाबाई घरी बसून काजं करी. मशीन वाड्याच्या कोठीत होती, असं लोक सांगत. तिला कुणी हात लावत नव्हतं, असंही सांगत.

एके दिवशी कुसुम आली. वाड्यात जायचं तिला आता बंद होतं. ती पडवीच्या कडेला बसली आणि खाली बघत म्हणाली, "विठूबाबा, मी बोलले म्हणून मशीन गेली का?"

विठोबानं शिवण खाली ठेवली. या प्रश्नाचं उत्तर त्यानं मनात पुष्कळदा दिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यात वाड्याला चार शब्द सुनावले होते. आता पोर समोर बसली होती. ते शब्द त्यानं गिळले.

"मशीन त्यांनी नेली म्हणून गेली," तो म्हणाला. "तू नेलीस का?"

"नाही."

"मग झालं तर. ये, अशी समोर बस. आज हातदुमड शिकवतो."

"पण पाय नाही, मशीन नाही. कापड धरायचं कशानं?"

विठोबानं मांडी मोडली, उजवा पाय पुढं घेतला आणि बंडीची कड अंगठा आणि शेजारच्या बोटात पकडून ताणली. त्याचा पणजा तंबू असेच शिवत असावा. "अस्सं धरायचं. मग दोन्ही हात मोकळे राहतात."

कुसुमनं आपला पाय पुढं केला. धुळीनं भरलेल्या इवल्या अंगठ्यातून कापड सटकलं. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा सटकलं. वाटेनं बैलगाड्या जात होत्या, उन्हं टेकडीवरून उतरत होती आणि तेल्याच्या घाण्याचा करकर आवाज येत होता. विठोबानं सुईत धागा ओवला, आणि तिला कापड धरता येईपर्यंत तो तसाच सुई हातात घेऊन बसून राहिला.